अल्जिब्रा, रेफरल आणि शाळेचं बजेट: अमेरिकन सरकारी शाळांतली वांशिक दरी कुठे तयार होते

अमेरिकेतलं एखादं स्कूल डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) वांशिक समतेचं काम हाती घेतं तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा शिक्षकांच्या प्रशिक्षणाने होते. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधी सगळ्यांना एक दिवस सभागृहात बसवायचं, बाहेरचा वक्ता बोलवायचा, मनातल्या पूर्वग्रहांवर गटचर्चा घ्यायची. मे महिन्यात आकडे काढावेत तर सगळं जैसे थे. प्रशिक्षण वाईट असतं असं नाही. पण एखाद्या कृष्णवर्णीय मुलीला आठवीत अल्जिब्राच्या (बीजगणिताच्या) वर्गात जागा मिळणार की नाही, हे त्या सभागृहात ठरत नाही. ते तिच्या पाचवीच्या वर्षी, वसंतात, एका यादीवर ठरतं. ती यादी कोण करतं, कशाच्या आधारावर करतं आणि घरी काय लिहून कळवतं, तिथे हात घातल्याशिवाय काही हलत नाही.

न्यू जर्सी, उत्तर व्हर्जिनिया, मेरीलँड, टेक्सास, बे एरिया, सगळीकडे मराठी पालक पीटीएत (पालक-शिक्षक संघात) आणि डिस्ट्रिक्टच्या समित्यांवर आहेत, काही जण डिस्ट्रिक्टचा कारभार ठरवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकाही लढवतात. या चर्चेत आपला आवाज आहे, म्हणून हे तपशील मराठीत असायला हवेत.

आधी कायदा, कारण बहुतेक गैरसमज तिथलेच आहेत. समता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आरक्षण येतं. शाहू महाराजांनी 1902 मध्ये करवीर संस्थानात 50 टक्के जागा राखून ठेवल्या, तिथपासून तो आपल्या ओळखीचा मार्ग आहे. अमेरिकन सरकारी शाळांना तो बंद आहे. 1954 च्या ब्राऊन खटल्याने वंशानुसार शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवलं. पण 2007 मध्ये सिअॅटल आणि लुईव्हिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला की शाळांमध्ये वांशिक मिश्रण साधण्यासाठीसुद्धा एखाद्या मुलाचा वंश बघून त्याला शाळा देता येणार नाही. त्याच निकालात न्यायमूर्ती केनेडींनी वेगळं मत लिहून एक वाट मोकळी ठेवली: नवी शाळा कुठे बांधायची, हद्दी कशा आखायच्या, साधनं कुठे द्यायची, निकालांवर वंशनिहाय नजर कशी ठेवायची, हे डिस्ट्रिक्टला करता येतं. 2023 मध्ये विद्यापीठांच्या प्रवेशातही वंशाचा विचार जवळपास थांबला. थोडक्यात, वंशानुसार मोजायला परवानगी आहे, वंशानुसार निवडायला नाही. त्यामुळे जो बदल करायचा तो सगळ्या मुलांसाठीच्या कार्यपद्धतीत करावा लागतो. ही अडचण आहे खरी, पण ती नीट समजून घेतलेली डिस्ट्रिक्ट्स आज न्यायालयात टिकून आहेत.

कार्यपद्धती बदलल्याने काय होतं, याचं सर्वात स्वच्छ उदाहरण फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचं. तिथे गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या वेगळ्या, वर्गासाठी मुलाचं नाव शिक्षकाने किंवा पालकाने सुचवायचं आणि मग बुद्ध्यांक चाचणी व्हायची. राज्याची अट 130 ची. गरीब आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी 116 चा वेगळा मार्ग कागदावर होता, पण त्यांची नावं मुळात सुचवलीच जात नव्हती. 2005 मध्ये डिस्ट्रिक्टने दुसरीतल्या सगळ्या मुलांची, शाळेच्या वेळातच, आकृत्यांचे नमुने ओळखण्याची चाचणी घ्यायला सुरुवात केली. भाषेचा फारसा संबंध नाही, अर्ज नाही, शुल्क नाही. गिफ्टेड ठरणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण 80 टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) मुलांचं 130 टक्क्यांनी वाढलं. पात्रतेची अट एका गुणानेही खाली आणली नव्हती. ही मुलं आधीही त्याच वर्गात बसलेली होती, कुणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. मंदीनंतर पैसे आटले, सरसकट चाचणी बंद झाली आणि प्रमाण पुन्हा जवळजवळ जुन्या जागी गेलं. या शेवटच्या वाक्याने मला अजूनही चीड येते. मुलं तीच, शिक्षक तेच, आणि एक चाचणी रद्द झाल्याबरोबर ती पुन्हा दिसेनाशी झाली.

त्यातून घ्यायचे धडे अगदी व्यावहारिक आहेत. चाचणी शनिवारी सकाळी नको, शाळेच्या दिवशी वर्गातच हवी, नाहीतर ज्यांच्याकडे गाडी आणि सुट्टी आहे तेच येतात. पहिल्या चाळणीनंतरची बुद्ध्यांक चाचणी डिस्ट्रिक्टच्या खर्चाने करायची, कारण खाजगी मानसशास्त्रज्ञाला शेकडो डॉलर मोजणारं घर पुन्हा पुन्हा चाचणी देऊ शकतं आणि बाकीचं घर एकदाही नाही. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांचे जादा तास बजेटमध्ये कायमचे धरावे लागतात. खरा खर्च तिथेच असतो आणि कात्रीही आधी तिथेच लागते. निकालाचं पत्र घरच्या भाषेत जायला हवं. आणि शक्य असेल तिथे देशभराच्या गुणांशी तुलना करण्याऐवजी प्रत्येक शाळेतली वरची दहा टक्के मुलं बघायची. ज्या मुलाला स्वतःच्या शाळेच्या वर्गात पुरेसं आव्हान नाही त्याला ते द्यायचं, हाच तर त्या वर्गाचा हेतू असतो.

अल्जिब्राचं गणित याहून मोठं आहे, कारण गिफ्टेड वर्ग थोड्यांचा असतो आणि गणित सगळ्यांचं. आठवीत अल्जिब्रा झालं तर नववीत भूमिती, दहावीत दुसरा अल्जिब्रा, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा सरळ रस्ता मिळतो. एक वर्ष चुकलं की बारावीतलं कॅल्क्युलस गेलं. आठवीत अल्जिब्रा हवं तर सहावीत प्रगत गणिताच्या वर्गात असावं लागतं, आणि त्या वर्गात कोण जाणार हे अनेक ठिकाणी शिक्षकाच्या शिफारशीवर आणि पालकाच्या आग्रहावर ठरतं. आग्रह धरायचा असतो हे ज्या पालकांना ठाऊक असतं, त्यांत आपण बऱ्यापैकी पुढे असतो.

उपाय आहे आपोआप प्रवेशाचा. वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वे डिस्ट्रिक्टने 2010 च्या सुमारास राज्याच्या परीक्षेत मानक गाठलेल्या प्रत्येक मुलाला हायस्कूलच्या प्रगत वर्गात थेट घालायला सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलिनाने 2018 मध्ये गणितात सर्वात वरची पातळी मिळवणाऱ्या मुलांसाठी तसा कायदाच केला. डॅलसने 2019-20 पासून हीच पद्धत घेतली आणि आठवीत अल्जिब्रा घेणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळपास तिप्पट झालं. 2023 मध्ये टेक्सासने ती राज्यभर लागू केली: पाचवीच्या परीक्षेत वरच्या 40 टक्क्यांत आलेलं मूल सहावीच्या प्रगत गणितात जाणार, नको असेल तर पालकाने तसं कळवायचं.

फरक किती बारीक असतो ते घरी जाणाऱ्या पत्रात दिसतं. जुनं पत्र असं असतं: ‘सहावीच्या प्रगत गणितासाठी इच्छुक पालकांनी सोबतचा फॉर्म भरून शिक्षकाच्या सहीसह 15 मेपर्यंत काउन्सेलरकडे द्यावा. या वर्गात गृहपाठ जास्त असतो याची नोंद घ्यावी.’ नवं पत्र असं: ‘आपल्या मुलीने गणितात उत्तम गुण मिळवले आहेत. तिचं नाव सहावीच्या प्रगत गणिताच्या वर्गात घातलं आहे. आपण काही करण्याची गरज नाही. बदल हवा असल्यास काउन्सेलरला फोन करा.’ पहिल्या पत्रात फॉर्म, सही, तारीख आणि गृहपाठाची धास्ती, अशा चार जागी मूल गळू शकतं. दोन नोकऱ्या करणारी आई त्यातल्या एका तरी जागी अडकतेच.

पण पत्र बदललं की झालं, असं नाही. नावं जास्त आली की वर्ग जास्त लागतात, म्हणून यादी वेळापत्रक पक्कं व्हायच्या आधी मुख्याध्यापकाच्या हातात हवी. उन्हाळ्यात आलेल्या यादीला ‘जागा नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. ज्यांचे काही धडे कच्चे आहेत त्यांना आठवड्याला दोन-तीन तास आधाराचा वर्ग त्याच वेळापत्रकात द्यावा लागतो, शाळा सुटल्यावर नाही, कारण स्कूल बस निघून गेलेली असते. आणि सर्वात जास्त गळती पहिल्या सहा आठवड्यांत होते: एक चाचणी खराब जाते, शिक्षक सहज म्हणतो ‘खालच्या वर्गात बरं पडेल’, आणि मूल उतरतं. म्हणून वर्ग सोडण्यासाठी मुख्याध्यापकाची सही आणि पालकाशी प्रत्यक्ष बोलणं सक्तीचं ठेवायचं, आणि कोण उतरलं याची वंशनिहाय मोजणी ऑक्टोबरच्या शेवटी करायची. फक्त प्रवेशाचा आकडा दाखवणाऱ्या डिस्ट्रिक्टवर विश्वास ठेवू नका.

सॅन फ्रान्सिस्कोने उलटा मार्ग घेतला. 2014 पासून आठवीतला अल्जिब्रा सगळ्यांसाठीच बंद केला, म्हणजे कुणी पुढे नाही आणि कुणी मागे नाही. ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेरून किंवा उन्हाळ्यात तो विषय केला आणि प्रगत गणितातली वांशिक दरी होती तिथेच राहिली. 2024 मध्ये तो वर्ग परत आणायचं ठरलं. हेतू चांगला होता, पण पुढची वाट बंद करणं म्हणजे समता नव्हे. या एका चुकीचा दाखला देऊन सगळीकडचं काम अडवलं जातं, म्हणून ती चूक आपणच स्पष्ट म्हणावी.

आता शिस्त. इथे थोडं थांबायला हवं, कारण मुलांचं नुकसान इथे सर्वात उघड होतं. 2017-18 च्या केंद्रीय आकडेवारीत कृष्णवर्णीय मुलं सरकारी शाळांतल्या पटाच्या सुमारे 15 टक्के होती, आणि शाळेबाहेर सस्पेंड झालेल्यांत सुमारे 38 टक्के.

डिस्ट्रिक्टमध्ये मोजायचं ते असं. समजा 4,000 मुलं आहेत, त्यांत 600 कृष्णवर्णीय. वर्षभरात एकदा तरी सस्पेंड झालेली त्यांतली 90, म्हणजे 15 टक्के. उरलेल्या 3,400 पैकी 170, म्हणजे 5 टक्के. 15 भागिले 5, गुणोत्तर 3. गट लहान असेल, समजा बाराच मुलं, तर एका मुलाने आकडा उसळतो. अशा वेळी तीन वर्षांची बेरीज घ्यायची. दिव्यांग मुलांच्या केंद्रीय कायद्यातही असंच गुणोत्तर वापरतात: राज्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली की डिस्ट्रिक्टला त्या कायद्याखाली मिळणाऱ्या निधीतले 15 टक्के दुरुस्तीसाठी बाजूला काढावे लागतात.

गुणोत्तर दुखणं दाखवतं, कारण दाखवत नाही. त्यासाठी दोन वर्षांचे ऑफिस रेफरल, म्हणजे शिक्षकाने मुलाला वर्गातून ऑफिसात पाठवल्याच्या नोंदी, काढायचे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, रेफरल कुणी केलं, कारण, शिक्षा आणि वर्गाबाहेर गेलेली मिनिटं हवीत. मग कारणांचे दोन ढीग करायचे. एकात तंबाखू, तोडफोड, चोरी, मारामारी, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. दुसऱ्यात ‘उद्धटपणा’, ‘ऐकलं नाही’, ‘वर्गात व्यत्यय’. दरी बहुतेक वेळा दुसऱ्या ढिगात जास्त रुंद निघते, कारण तिथे शिक्षकाचा अर्थ लागतो. तीच पुटपुट एका मुलाच्या बाबतीत ‘थकलाय’ ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘उद्धट आहे’. वेळ आणि नाव लावून पाहिलं की आणखी कळतं. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टच्या नोंदींवर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सर्वाधिक रेफरल करणाऱ्या 5 टक्के शिक्षकांमुळे रेफरलमधली कृष्णवर्णीय-गोरे दरी जवळपास दुप्पट होत होती, आणि ते शिक्षक बहुतांशी नवखे होते. म्हणजे शंभर जणांना बसवून व्याख्यान देण्यापेक्षा त्या पाच जणांच्या वर्गात अनुभवी शिक्षक आठवड्यातून दोनदा पाठवणं जास्त कामाचं.

फॉर्म बदलावा लागतो. ‘उद्धटपणा’चा चौकोन काढून टाकायचा आणि तिथे दोन रिकाम्या ओळी ठेवायच्या: मूल नेमकं काय म्हणालं किंवा काय केलं, आणि त्याआधी शिक्षकाने काय करून पाहिलं. लिहावं लागलं की निम्मा राग कागदावर येईपर्यंत उतरतो. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये तिसरीपर्यंतच्या मुलांना ‘जाणूनबुजून अवज्ञा’ या कारणाने सस्पेंड करणं थांबवलं, 2019 मध्ये ते आठवीपर्यंत आणि 2023 मध्ये बारावीपर्यंत नेलं.

नुसत्या बंदीचे धोकेही मोठे आहेत. आकडा खाली आणायचा दबाव आला की शाळा आईला फोन करते, ‘आज त्याला घरी घेऊन जा’, आणि नोंदीत सस्पेन्शन कुठेच नाही. म्हणून हजेरीपुस्तकात अकरा वाजता घरी गेलेली मुलं कोण, हे तपासायचंच. दुसरं, वर्गात माणूस न देता शिक्षा काढून घेतली की शिक्षक एकटा पडतो आणि बाकीची मुलं शिकू शकत नाहीत. ती बाकीची मुलंही बहुतेक वेळा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिकच असतात. पिट्सबर्गमध्ये संवादातून तंटा सोडवण्याच्या पद्धतीवर यादृच्छिक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 च्या शेवटी आले: सस्पेन्शन कमी झाली, शिक्षकांना शाळेचं वातावरण बरं वाटलं, पण सहावी ते आठवीत अभ्यासाचे निकाल घसरले. हे लपवून समतेचं काम पुढे जात नाही. दोन शाळांमागे एक समुपदेशक ठेवून ही पद्धत राबवूच नये.

पैशाबद्दल एक युक्ती सांगतो, जी फारच कमी पालकांना माहीत असते. समजा एकाच डिस्ट्रिक्टमधल्या दोन शाळा घेतल्या. बजेटच्या पुस्तकात दोन्ही शाळांना 30 शिक्षक दाखवलेले असतात आणि दोघांना डिस्ट्रिक्टचा सरासरी पगार लावलेला असतो, म्हणून खर्च समान दिसतो. प्रत्यक्षात सुखवस्तू भागातल्या शाळेत वीस वर्षांचे अनुभवी शिक्षक, सरासरी पगार समजा 90,000 डॉलर. गरीब भागात पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे, सरासरी 62,000. फरक 28,000 गुणिले 30, म्हणजे वर्षाला 8,40,000 डॉलर. 2015 च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने प्रत्येक शाळेचा दरडोई खर्च खऱ्या पगारांनिशी जाहीर करणं सक्तीचं केलं आहे. राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शाळेच्या अहवालात तो आकडा मिळतो. तो आणि बजेटच्या पुस्तकातला आकडा शेजारी ठेवा. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेली तक्रार हीच होती, की पैसा कष्टकऱ्यांच्या करातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. डिस्ट्रिक्टांमधली विषमता तर याहून खोल आहे, कारण शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात आणि सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये टेक्सासच्या खटल्यात त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पण ती लढाई राज्याच्या विधिमंडळात लढायची असते. डिस्ट्रिक्टच्या आतली, बोर्डाच्या बैठकीत.

शिक्षक भरतीचं थोडक्यात: देशभरातले सुमारे 80 टक्के सरकारी शिक्षक गोरे आहेत. यामागे इतिहास आहे. 1954 च्या निकालानंतरच्या दशकात दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या तेव्हा 38,000 हून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक आणि शाळा-प्रशासकांच्या नोकऱ्या गेल्या. आज भरती सुधारायची तर जाहिरातीपेक्षा तारीख महत्त्वाची. उपनगरी डिस्ट्रिक्ट मार्च-एप्रिलमध्ये नेमणुका संपवतं, शहरातलं जुलैपर्यंत बजेटची वाट बघतं आणि चांगले उमेदवार तोवर गेलेले असतात. आणि कपातीत ‘शेवटी आलेला आधी जाणार’ हा नियम असेल तर पाच वर्षांची मेहनत एका उन्हाळ्यात वाहून जाते.

आता आपल्या घराजवळचा प्रश्न. उत्तर व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन या निवडक प्रवेशाच्या नामांकित सरकारी हायस्कूलने 2020 मध्ये प्रवेश परीक्षा आणि 100 डॉलरचं शुल्क रद्द केलं, सुमारे 550 जागा ठेवल्या आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांइतक्या जागा त्या त्या शाळेला दिल्या. पहिल्याच तुकडीत आशियाई मुलांचं प्रमाण सुमारे 73 वरून 54 टक्क्यांवर आलं, कृष्णवर्णीय मुलांचं 7 टक्क्यांवर आणि हिस्पॅनिक मुलांचं 11 टक्क्यांवर गेलं. खटला झाला, त्यात भारतीय वंशाचे पालकही होते. 2023 मध्ये अपील न्यायालयाने धोरण कायम ठेवलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला. आपल्या मुलांनी वर्षानुवर्षं केलेला अभ्यास खरा आहे आणि पालकांचा संतापही समजण्यासारखा आहे. तरीही मला ते धोरण योग्य वाटतं. काउंटीच्या सगळ्या करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत कित्येक मिडल स्कूलमधून एकही मूल पोचत नसेल, तर दोष मुलांचा नसतो. पण अशा एका नामांकित शाळेवर जेवढी शक्ती खर्च होते तिच्या निम्मी जरी पाचवीच्या गणिताच्या यादीवर लागली, तर कितीतरी पट मुलांचं भलं होईल.

‘आशियाई’ या चौकोनाकडेही आपणच लक्ष वेधायला हवं. त्यात पुण्याहून आलेल्या इंजिनियरची मुलगी आणि भूतानहून निर्वासित छावणीमार्गे आलेल्या नेपाळीभाषक कुटुंबातला मुलगा एकत्र मोजले जातात. सरासरी छान दिसते आणि दुसऱ्या मुलाला वाचनात मदत हवी हे दिसतच नाही. घरी बोलली जाणारी भाषा नोंदणीच्या वेळी लिहून घेतलेली असतेच. तिच्या आधारे आकडे वेगळे काढून मागा.

हे सगळं चालवायचं कुणी? अनेक डिस्ट्रिक्ट्सनी समता अधिकारी नेमला, त्याला सुंदर पदनाम दिलं, आणि वेळापत्रक, भरती, बजेट यांतलं काहीच त्याच्या हातात दिलं नाही. त्याच्याकडे उरलं प्रशिक्षण. 2025 मध्ये वारं फिरलं. फेब्रुवारीत केंद्रीय शिक्षण खात्याने वांशिक समतेचे अनेक कार्यक्रम बेकायदा ठरवणारं पत्र काढलं, ते ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायाधीशांनी रद्द केलं. मार्चमध्ये त्याच खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारापैकी सात प्रादेशिक शाखा बंद करायचं ठरलं. अनेक ठिकाणी सर्वात आधी ती पदनामं गेली. जिथे नियम बोर्डाच्या ठरावात होता आणि प्रगत गणिताची यादी विद्यार्थ्यांच्या नोंदींची संगणकप्रणाली परीक्षेच्या गुणांवरून आपोआप काढत होती, तिथे पुसायला नाव नव्हतं. सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, बदलतात, त्यांचं परिपत्रक त्यांच्याबरोबर जातं. बोर्डाचा ठराव बदलायचा तर जाहीर बैठक घ्यावी लागते आणि मतदान नोंदवावं लागतं.

त्या बैठकीत नागरिकांना बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. भावना मांडण्यात ती घालवू नका, एक आकडा मागा आणि तो कधी मिळेल ते विचारा: ‘या वर्षी पाचवीच्या गणितात वरच्या पातळीवर आलेल्या मुलांपैकी किती जण सहावीच्या प्रगत वर्गात नाहीत, वंशनिहाय आणि शाळानिहाय?’ बहुतेक राज्यांत आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि बजेट वसंतात ठरतं. तेव्हा हा प्रश्न जानेवारी-फेब्रुवारीत विचारला तर जादा वर्गाचा शिक्षक नव्या बजेटमध्ये बसू शकतो. मे महिन्यात विचारला तर उत्तर मिळेल, शिक्षक मिळणार नाही.